आराखड्याचा हंगाम

शाळेच्या पुस्तकात ऋतू सहा आहेत, शेतकऱ्याच्या हिशेबात हंगाम दोन. पण जव्हार आणि मोखाडा या तालुक्यांत आणखी एक हंगाम येतो, आराखड्याचा. भात झोडून झाले, नाचणी आणि वरई खळ्यावरून कणगीत गेली, दिवाळी उरकली, की घाटातून जीपगाड्या वर चढू लागतात. उतरणाऱ्या मंडळींच्या हातात फाइली असतात आणि मनात गावाचा विकास. २०१५ पासून महाराष्ट्रात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने ग्रामपंचायतीने आपला आराखडा आपणच करायचा, अशी पद्धत आहे. पद्धत मोठी देखणी आहे. आधी प्रभातफेरी, मग शिवारफेरी, मग महिलांची सभा, मुलांची सभा, आणि अंगणात रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा. रस्ता पांढरा, झाडे हिरवी, विहीर निळी. मोखाड्यात मे महिन्यात भरलेली विहीर बघायची असेल, तर ती याच नकाशात बघून घ्यावी. सगळे यथासांग होते, फक्त माणसे नसतात. ज्यांच्या रोजगारासाठी हा खटाटोप, ती कमावती माणसे दिवाळीच्या पाठोपाठ पोरेबाळे, भांडीकुंडी आणि कोंबड्या घेऊन भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात. मागे उरतात म्हातारी माणसे. त्यामुळे स्थलांतर रोखण्याचा आराखडा स्थलांतर झाल्यावर, आणि तोही स्थलांतर न केलेल्यांना विचारून तयार होतो. कोणत्याही पाड्यावर प्रश्नोत्तरे साधारण अशीच होणार:

“बाबा, गावातली सर्वांत मोठी अडचण कोणती?”

“पोरं गावात नाहीत.”

“का नाहीत?”

“कामाला गेलीत.”

“मग गावात कोणतं काम काढायचं, ते कोण सांगणार?”

“पोरं सांगतील. पाऊस लागला की येतील.”

यावर फाइलीत नोंद पडते: ‘लोकसहभाग अल्प.’

आता माझे म्हणणे मांडतो. या दोन तालुक्यांतला सर्वांत वाकबगार नियोजनकार म्हणजे वीटभट्टीचा शेठ. हे विधान नियोजन विभागाला लागेल, आणि शेठलाही, कारण त्याने आयुष्यात एकही आराखडा केलेला नाही. पण पुरावा पाहा. भाताची लावणी आटोपते, गेल्या वर्षीचे धान्य संपलेले असते आणि नवे पीक अजून शेतात हिरवे असते, नेमका तेव्हा शेठचा मुकादम पाड्यावर येतो आणि रोख बयाणा देतो. घरात आजारपण असेल, लग्न ठरले असेल, सण तोंडावर असेल, मुकादमाला ते आधीच ठाऊक असते. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांची यादी शासन काही वर्षांनी एकदा करते आणि तीत कोण राहिला, कोण घुसला यावर पुढची काही वर्षे तक्रारी चालतात. मुकादमाची यादी दरवर्षी होते, तोंडी होते आणि तिच्यावर कधी हरकत आलेली नाही. दिवाळी झाली की ट्रक दारात उभा राहतो. त्याला ना बैठक लागते, ना बॅनर, ना दीपप्रज्वलन. शासन आणि शेठ यांच्यातला खरा फरक रकमेत नाही, क्रमात आहे. शेठ आधी पैसे देतो, मग काम घेतो आणि कागद करायचाच झाला तर स्वतःच्या वहीत करतो. शासन आधी कागद घेते, मग काम घेते आणि पैसे सर्वांत शेवटी देते. भूक मात्र कोणत्याही क्रमात पहिलीच येते.

एका साध्या मातीच्या बांधाचा प्रवास बघितला तरी हे ध्यानात येईल. बांधाला आधी ठराव लागतो, मग अंदाजपत्रक, मग तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, मग कार्यारंभ आदेश. काम सुरू झाले की हजेरीपट, मोजमाप पुस्तिका, कामापूर्वीचा फोटो, काम चालू असतानाचा फोटो, कामानंतरचा फोटो, देयक आणि शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र. बांधाने पाणी अडवायच्या आधी बांधालाच इतक्या ठिकाणी अडवलेले असते. अर्थात या प्रत्येक पायरीवर कोणाला तरी रोजगार मिळतो, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. झेरॉक्सवाला, फ्लेक्सवाला, जीपचा मालक, सभेला चहा-बिस्किटे पुरवणारा, प्रकल्प अहवाल लिहून देणारा सल्लागार, त्या अहवालावर अभिप्राय देणारा दुसरा सल्लागार, सगळ्यांची चूल पेटते. ग्रामीण रोजगार निर्मितीच्या अनुदानातून रोजगार निर्माण होत नाही, ही टीका म्हणूनच धादांत खोटी आहे. तो तालुक्याच्या गावी होतो, इतकेच. पाड्यापर्यंत काम पोचते तेव्हा मार्च उजाडलेला असतो. मजूर भिवंडीत, बांध मोखाड्यात आणि वर्षअखेर डोक्यावर. निधी परत गेला तर पुढच्या वर्षी कात्री लागेल, ही धास्ती वेगळीच. मग रात्रीतून जेसीबी येतो. जव्हार-मोखाड्यात कामासाठी बाहेरून येणारा हंगामी मजूर कोणी असेल, तर तो हा पिवळा जेसीबी. त्याला बयाणाही लागत नाही आणि त्याचा फोटोही छान येतो.

बरे, काम हातानेच झाले असे धरू. महाराष्ट्राने रोजगार हमीची कल्पना देशाला दिली, याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. वि. स. पागे यांच्या डोक्यातून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. खर्च भागवायला १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला गेला. पगारदार वाचकाने आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहावी: दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, असे वर्षाला २,५०० रुपये त्या कराचे कापले जातात. ते पगार हातात पडण्याआधी कापले जातात. घेण्याच्या बाबतीत शासन शेठइतकेच वक्तशीर आहे, उशीर होतो तो देताना. देशाच्या रोजगार हमीच्या, म्हणजे मनरेगाच्या नियमात मजुरी पंधरा दिवसांत द्यायची होती, आणि उशीर झाला तर थकलेल्या रकमेवर दररोज ०.०५ टक्के भरपाई. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्राचा दर होता ३१२ रुपये. सहा दिवसांची मजुरी १,८७२ रुपये थकली, तर भरपाई दिवसाला सुमारे ९४ पैसे. ती मोजायला लागणारी शाई यापेक्षा महाग पडत असावी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा केला. नाव लांबले आणि हमीचे दिवस १०० वरून १२५ झाले. देशभराची सरासरी एका कुटुंबामागे पन्नास दिवसांच्या आसपास रेंगाळत असताना वरची मर्यादा वाढवणे म्हणजे, ताटात अर्धी भाकरी वाढून ताट मोठे आणल्यासारखे आहे.

यावर पहिली हरकत येते ती ग्रामसभेच्या बाजूने. ‘लोकांनीच यावे, सांगावे, भांडावे, ते येत नाहीत तर शासन काय करणार?’ हरकत तर्कशुद्ध आहे, म्हणून तिला पंचांगानेच उत्तर देऊ. आपल्याकडे ग्रामसभा भरवण्याचे रूढ दिवस म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. २६ जानेवारीला माणूस भट्टीवर माती मळत असतो. १ मे रोजी तो भट्टीवरच असतो. तो दिवस कामगार दिन असल्यामुळे तर त्याने तिथे असणे अधिकच औचित्याचे. १५ ऑगस्टला तो गावात असतो, पण गुडघाभर चिखलात. २ ऑक्टोबरला हळवे भात कापायला येते. चारही तारखा राष्ट्राच्या किंवा राज्याच्या इतिहासाशी जुळतात, फक्त वरईच्या पिकाशी जुळत नाहीत. आदिवासी भागासाठीच्या पेसा कायद्याने पाड्याला स्वतःची ग्रामसभा भरवण्याचा हक्क दिला, हा हक्क मोठा आहे. पण दार उघडे ठेवून घरातली माणसे बाहेर पाठवल्यावर ‘या, बसा’ म्हणायचे कोणाला?

दुसरी हरकत पैशाची. ‘निधीच अपुरा आहे हो!’ यात तथ्य नाही असे नाही. २००७ मध्ये केंद्राने मागास प्रदेशांसाठी अनुदान निधी काढला, देशातले २५० जिल्हे निवडले, महाराष्ट्रातले १२. ठाणे त्यांत नव्हते. कसे असेल? २०११ च्या जनगणनेत देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा ठरलेला तो जिल्हा. एका टोकाला नवी मुंबईचे टॉवर, दुसऱ्या टोकाला मोखाड्यातली गवताची छपरे, आणि मधोमध बसलेली सरासरी, जी खाऊनपिऊन सुखी होती. सरासरीला कधी भूक लागत नाही, हा सांख्यिकीतला फार जुना गुण आहे. पण पुढे काळ बदलला. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा जिल्हा झाला. त्याच वर्षी राज्याचे पेसा नियम आले, आणि आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना द्यायचे ठरले. त्याला ‘अबंध’ निधी म्हणतात. अबंध म्हणजे ज्याला बंधन नाही असा. कोणकोणत्या चार गटांवर तो खर्च करायचा, हे सांगणारा शासन निर्णय सोबत असतोच. तेव्हा पैसा कमी असेल, पण येतो. तो येतो तेव्हा माणूस नसतो आणि माणूस येतो तेव्हा पैसा परत गेलेला असतो. दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ आपल्याकडे नाही.

‘भागच दुर्गम, तिथे काम उठवणे सोपे नाही,’ ही त्या हरकतीची धाकटी बहीण. तिला उत्तर द्यायला मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याला जावे. तिथे मुंबई महापालिकेने मध्य वैतरणा धरण बांधले, उंची सुमारे १०२ मीटर. २०१४ पासून ते मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर पाणी देते. दुर्गमता तिथे कोणाला आडवी आली नाही. सिमेंट वेळेवर चढले, पाणी वेळेवर उतरले आणि उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरही चढतो. यावरून असा निष्कर्ष निघतो की हा भाग वर चढताना दुर्गम आहे, खाली उतरताना नाही. खाली उतरणाऱ्या गोष्टींना इथे नेहमीच मोकळा रस्ता मिळाला: पाणी मुंबईला, मजूर भिवंडीला, अखर्चित निधी तिजोरीला. शिवाजी महाराजांनी जव्हारच्या शिरपामाळावर मुक्काम केला असे सांगतात, तोही सुरतेला जाता जाता. जव्हारला येणाऱ्याला पुढे कुठेतरी जायचे असतेच, अशी ही परंपरा जुनी दिसते.

तिसरी हरकत गंभीर आहे. ‘कागद कमी केले तर भ्रष्टाचार बोकाळेल.’ खोट्या हजेरीपटांचा इतिहास पाहता ही भीती पोकळ नाही. पण कागद वाढवून खोटे थांबते का, याचा प्रयोगही झालेला आहे. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामावर मजुरांचा फोटो दिवसातून दोनदा मोबाइलवर चढवणे सक्तीचे झाले. जिथे फोन उचलायला माणूस टेकडीवर चढतो, तिथे ‘नेटवर्क’ नावाचा नवा मुकादम आला. तो येईपर्यंत हजेरी लागत नाही. आणि खोटे करणाऱ्याने काय केले? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढून सांगावे लागले, की लोक भलतेच फोटो चढवतात, फोटोचाच फोटो काढून चढवतात. म्हणजे खऱ्या मजुराची हजेरी रेंज नसल्यामुळे बुडाली आणि फोटोतल्या मजुराची लागली. चोराला कागद कधीच जड जात नाही, तो त्याचा कच्चा माल असतो. कागद जड जातो तो ज्याला सही करायला अंगठा पुसून पुन्हा टेकवावा लागतो त्याला.

चौथी हरकत माझ्यावरच आहे आणि ती सर्वांत खरी आहे. ‘शेठचे गोडवे गाता? तो बयाणा म्हणजे गळ आहे.’ आहेच. लग्नासाठी घेतलेल्या उसनवारीपोटी नवराबायकोने सावकाराकडे राबायचे, या ‘लग्नगडी’ पद्धतीची या पट्ट्याला जुनी ओळख आहे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपली. पण हंगाम संपल्यावर शेठच्या वहीत ‘इतके फिटले, इतके राहिले, पुढच्या वर्षी ये’ असे लिहिले जाते, तेव्हा कायद्याने काय संपले आणि काय नुसते नाव बदलून उरले, ते ज्याचे त्याने ठरवावे. म्हणूनच माझा आग्रह आहे, की शेठचा हिशेब घेऊ नका, त्याचे घड्याळ घ्या. माणूस गळाला लागतो तो आमिष चविष्ट असते म्हणून नव्हे, दुसरे काही खायला नसते म्हणून. याच भागातल्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली कुपोषणाने मुले दगावली, त्यावर विनोद होत नाही. त्यानंतर योजनांची रांग लागली. प्रत्येक योजनेत कॅलरी मोजल्या, किलो मोजले, रुपये मोजले, महिने कोणी मोजले नाहीत.

‘पण लोकांकडे कौशल्य नको का?’ असे विचारणारे आता उरले असतील. त्यांच्यासाठी प्रशिक्षण हा एक स्वतंत्र कुटीरोद्योगच आहे. शिवणयंत्र, मोबाइल दुरुस्ती, ब्यूटी पार्लर. पाड्यावर वीस घरे आणि त्यांत ब्यूटी पार्लरची प्रशिक्षित बारा. कोणी कोणाच्या भुवया कोरायच्या, हा प्रश्न अहवालात येत नाही, कारण अहवाल प्रमाणपत्र वाटपापाशी संपतो. याउलट या भागात जे थोडे रुजले ते बघण्यासारखे आहे. बाएफ या संस्थेने इथे आंबा-काजूच्या वाड्या लावल्या. एकरभराची वाडी, पण आंब्याला धीर लागतो. जव्हार-विक्रमगडच्या शेतकऱ्याला मोगऱ्याने जवळ केले, त्याचे कारण मला त्याच्या सुवासात दिसत नाही. मोगरा बहरतो नेमका उन्हाळ्यात, भट्टीच्याच महिन्यांत. आणि कळीला उधारी परवडत नाही. पहाटे तोडलेली कळी त्याच दिवशी दादरच्या बाजारात पोचली नाही तर तिचे फूल होते आणि फुलाची माती. त्यामुळे पैशालाही रेंगाळायला फारशी सवड मिळत नाही. मोगऱ्याला घड्याळ कळते, कार्यारंभ आदेशाला कळत नाही.

मग करायचे काय? आराखड्याची सभा लावणी उरकल्यावर श्रावणात घ्यावी, माणसे घरी असतात. कामे दसऱ्याला उघडावीत, मार्चला नव्हे. आणि गणपतीच्या सुमारास आठवड्याभराची मजुरी आगाऊ द्यावी, पुढच्या मजुरीतून वळती करून घ्यावी. हे ऐकताच वित्त विभागाला घेरी येईल. ‘आगाऊ? लोक पैसे घेऊन पळतील!’ पळून जातील कुठे? भट्टीवर. ते आजही तिथेच जातात, तेही सरकारचा एक पैसा न घेता. शिवाय आगाऊ रक्कम ही शासनाला अगदीच अपरिचित चीज नाही. मोठ्या कंत्राटदाराला काम सुरू करण्याआधी उचल देण्याची सोय निविदेतच असते, तिला ‘मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स’ म्हणतात. इंग्रजीत म्हटले की उचलीला अब्रू येते. आदिवासींना पावसाळ्यासाठी ‘खावटी’ देण्याची योजनाही शासनाने अनेक वर्षे चालवली. २०२० मध्ये ती ४,००० रुपयांच्या अनुदानाच्या रूपात परत आली, निम्मे रोख आणि निम्मे वस्तुरूपात, आणि लोकांपर्यंत पोचायला पुढचे वर्ष उजाडले. आणि ज्या कचेरीत ‘मजुराला आगाऊ देता येत नाही’ असा शेरा लिहिला जातो, त्याच कचेरीतल्या कर्मचाऱ्याला दिवाळीपूर्वी ‘सण अग्रिम’ मिळतो आणि तो हप्त्याहप्त्याने कापला जातो. तो घेऊन कोणी कारकून पळून गेल्याचे ऐकिवात नाही. थोडक्यात, सण आधी येतो आणि पगार नंतर, हे शासनाला पक्के ठाऊक आहे. मोखाड्यातही दिवाळी असते, एवढेच त्याला कळवायचे राहिले आहे.

लेखकांनी याबाबतीत फार शहाणपण मिरवू नये, हेही खरे. आमची जमात वैतरणेचे पाणी पिऊन मोखाड्याच्या टंचाईवर लिहिते, आणि दिवाळी अंकातल्या लेखाचे मानधन पुढच्या दिवाळीपर्यंत आले तर त्याला वक्तशीरपणा म्हणते. फरक एवढाच, की आमच्या दारात कार्तिकात ट्रक उभा राहत नाही. त्यांच्या राहतो. भरलेला ट्रक घाट उतरू लागतो तेव्हा समोरून फाइली घेतलेली जीप चढत असते. रस्ता अरुंद, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटातला नियम. ट्रक कडेला थांबतो. वर बसलेली माणसे, पोरे, कोंबड्या जीपकडे बघतात. जीपमधला एक भला गृहस्थ काच खाली करून विचारतो, “काय हो, पाडा किती लांब आहे?”

“जवळच आहे साहेब. पण आज तिकडं कोणी नाही.”

“असं कसं? आज तर सभा आहे,” असे म्हणून जीप वर जाते.